१२,३४,५६,७८९ ही संख्या कागद-पेन्सिलीने आतून कशी उलगडायची

कॅल्क्युलेटर नीट चालतोय का ते बघायला आपण सहज जे आकडे दाबतो, ते हे. एकपासून नऊपर्यंत ओळीने. बारा कोटी चौतीस लाख छप्पन हजार सातशे एकोणनव्वद. आपण ती लिहितो आणि पुसून टाकतो, कारण तिच्यात अंकांच्या क्रमापलीकडे काही असेल असं वाटत नाही. प्रत्यक्षात हाताने सोडवायला इतकी समृद्ध नऊ-अंकी संख्या क्वचित सापडते.

या लेखात एकच काम करायचं आहे. ही संख्या घ्यायची आणि तिचे अवयव, विभाजक, वर्गांशी असलेलं नातं आणि तिचा व्यस्त हे सगळं कागदावर काढायचं. यातली रीत कुठल्याही आठ-दहा अंकी संख्येला चालते. चौकटींची वही घ्या, म्हणजे अंक एकाखाली एक राहतात. मोठ्या गुणाकार-भागाकारांतल्या बहुतेक चुका रचना सरकल्यामुळे होतात.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण सगळा लेख तिच्याभोवती आहे. मोठी संख्या हातात आली की लगेच भागायला बसू नका. ती कोणत्या दोन वर्गांच्या मध्ये बसते ते आधी बघा. मी ही संख्या पहिल्यांदा फोडायला घेतली तेव्हा ७, ११, १३, १७ असं ओळीने भागत गेलो. दोन संध्याकाळी गेल्या, वहीची पानं भरली, आणि एकदाही निःशेष भाग गेला नाही. पुढे तीच संख्या मी दोन ओळींत सोडवली. त्या दोन ओळी खाली येतीलच.

पायरी १ : अंकांची बेरीज

१+२+३+४+५+६+७+८+९ = ४५, आणि ४+५ = ९. म्हणजे संख्येला ९ ने भाग जातो. शाळेतलीच कसोटी आहे, पण इथे तिच्यातून आणखी एक गोष्ट निघते. १ ते ९ हे अंक एकेकदा वापरून एकूण ३,६२,८८० संख्या बनतात. त्या सगळ्यांची अंकबेरीज ४५ च, त्यामुळे त्या सगळ्यांना ९ ने भाग जातो आणि त्यांच्यात एकही मूळ संख्या नाही. आपली संख्या त्या सगळ्यांत लहान.

भागाकार करून टाकू:

१२,३४,५६,७८९ ÷ ९ = १,३७,१७,४२१

या भागाकाराची अंकबेरीज २६ येते. तिला ३ ने भाग जात नाही, म्हणून तीनचा घात दोनवरच थांबला. शेवटचा अंक १ असल्याने २ आणि ५ हे अवयवही नाहीत.

पायरी २ : तीन-तीनचे गट

आता लाख-कोटीचे स्वल्पविराम विसरून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: १२३ | ४५६ | ७८९. या गटांची आळीपाळीने वजाबाकी-बेरीज करा:

७८९ − ४५६ + १२३ = ४५६

७ × ११ × १३ = १,००१ असल्यामुळे आपल्या संख्येला ७, ११ किंवा १३ ने भागल्यावर जी बाकी उरते, तीच ४५६ ला भागल्यावर उरते. नऊ अंकांचं काम तीन अंकांवर आलं. ४५६ म्हणजे ४५५ + १, आणि ४५५ = ५ × ७ × १३. म्हणून ७ ने भागल्यास बाकी १, १३ ने भागल्यासही बाकी १. अकराने भागल्यास बाकी ५. तिघांपैकी कोणाचाही भाग जात नाही.

भाग गेला नाही म्हणून ही बाकी खोडून टाकू नका. बाकी १ याचा अर्थ आपल्या संख्येच्या अगदी अलीकडची संख्या, १२,३४,५६,७८८, ही ७ आणि १३ दोघांनी निःशेष भागली जाते. या ९१ ची (७ × १३) पुढे पुन्हा भेट होणार आहे.

हेच गट नुसते मिळवले तर ९९९ ची कसोटी होते, म्हणजे २७ आणि ३७ ची. १२३ + ४५६ + ७८९ = १,३६८, त्यातून ९९९ वजा केले की ३६९. सदतिसाने भागल्यास बाकी ३६, म्हणजे एक कमी पडला. तर मग अलीकडच्या शेजाऱ्यात ७ आणि १३ आहेत आणि पलीकडच्या शेजाऱ्यात ३७ आहे. मधली संख्या मात्र तीन सोडला तर कुठल्याच लहान मूळ संख्येला दाद देत नाही.

पायरी ३ : वर्गांमधली जागा

हीच ती पायरी, जी मी पहिल्या वेळी गाळली होती.

आधी संख्या स्वतः पूर्ण वर्ग आहे का ते बघू. वर्गमूळ काढायची गरज नाही. कुठल्याही विषम वर्गाला ८ ने भागलं की बाकी १ उरते. आठने भागताना शेवटचे तीन अंक पुरतात, आणि ७८९ = ७८४ + ५. बाकी ५ आली, म्हणजे ही वर्गसंख्या नाही.

मग ती कोणत्या वर्गांच्या मध्ये आहे?

११,१११² = १२,३४,५४,३२१
११,११२² = १२,३४,७६,५४४

पहिल्या ओळीवर जरा थांबा. १२३४५४३२१, वर चढून खाली उतरणारी संख्या. गणितज्ञ द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं. आपल्या संख्येतून ती वजा केली की उरतात

१२,३४,५६,७८९ − १२,३४,५४,३२१ = २,४६८

दोन, चार, सहा, आठ. हे कोणी मुद्दाम जुळवलेलं नाही. शेवटच्या चार जागांवर ६७८९ मधून ४३२१ गेले, म्हणजे प्रत्येक जागी अनुक्रमे २, ४, ६, ८ चा फरक पडला. तरी वहीत पहिल्यांदा ही वजाबाकी उतरते तेव्हा छान वाटतंच. हे २,४६८ लक्षात ठेवा, वर्गांची बेरीज करताना लागतील.

वर्गमूळ साधारण ११,१११.१११ आहे हे कळलं. नऊने भागून उरलेल्या १,३७,१७,४२१ चं वर्गमूळ याच्या तिसऱ्या हिश्शाइतकं, म्हणजे सुमारे ३,७०३.७.

पायरी ४ : फर्माची रीत

१,३७,१७,४२१ चे अवयव शोधायला मूळ संख्यांनी भागत जायचं ठरवलं तर गरज पडल्यास ३,७०३ पर्यंत जावं लागेल. तेवढ्यात पाचशेहून अधिक मूळ संख्या आहेत.

सतराव्या शतकात प्येर द फर्मा यांनी वेगळा विचार मांडला. दोन विषम संख्यांचा गुणाकार घ्या. त्या दोघींच्या बरोबर मध्ये एक संख्या असते, तिला म म्हणू. मधल्या संख्येपासून दोन्हीकडचं अंतर सारखं असतं, त्याला द म्हणू. मग एक अवयव म − द, दुसरा म + द, आणि गुणाकार म² − द². म्हणजे अवयव शोधणं आणि संख्येला दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहिणं हे एकच काम आहे. वर्गमूळाच्या लगेच वरच्या पूर्णांकापासून म सुरू करायचा, त्याच्या वर्गातून संख्या वजा करायची आणि उरलेला आकडा वर्ग आहे का ते बघायचं. नसेल तर म एकाने वाढवायचा.

म = ३,७०४ घेऊ. त्याचा वर्ग १,३७,१९,६१६. वजा १,३७,१७,४२१ केले की उरले २,१९५.

हा वर्ग आहे का? वर्गाच्या शेवटी ५ आला तर त्याआधी २ असावाच लागतो, म्हणजे शेवट २५. इथे ९५ आहे, म्हणून नाही.

म = ३,७०५. नवा वर्ग पुन्हा काढत बसू नका. लागोपाठच्या दोन वर्गांतला फरक म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज: ३,७०४ + ३,७०५ = ७,४०९. तो मागच्या बाकीत मिळवा:

२,१९५ + ७,४०९ = ९,६०४

आणि ९,६०४ म्हणजे ९८². (१०० − २ चा वर्ग मनात करून बघा: १०,००० − ४०० + ४.)

झालं. अवयव ३,७०५ − ९८ = ३,६०७ आणि ३,७०५ + ९८ = ३,८०३.

१२,३४,५६,७८९ = ३ × ३ × ३,६०७ × ३,८०३

दोन ओळी. मी तर पाचशेच्या जवळपास पोचून थांबलो होतो. जिद्दीने पुढे गेलो असतो तरी पहिला निःशेष भाग ३,६०७ लाच गेला असता.

शेवटचे अंक बघून आकडा वर्ग नाही हे ओळखायची सवय या रीतीचा जीव आहे, म्हणून तेवढं पाठच करा. वर्गाचा शेवट २, ३, ७, ८ ने होत नाही. शेवट १, ४ किंवा ९ असेल तर दशकाचा अंक सम असतो, ६ असेल तर विषम. शेवट ५ असेल तर २५, शून्य असेल तर दोन शून्यं. ही चाळणी वापरून नऊने न भागता आपल्या पूर्ण संख्येवरच फर्माची रीत चालवून पाहा. ११,११२² मधून संख्या गेली की १९,७५५ उरतात, शेवट ५५, बाद. पुढे २२,२२५ मिळवले की ४१,९८०, एकच शून्य, बाद. मग २२,२२७ मिळवून ६४,२०७, शेवट ७, बाद. मग २२,२२९ मिळवून ८६,४३६, आणि हा २९४ चा वर्ग. एकदाही वर्गमूळ काढावं लागलं नाही. अवयव येतात ११,११५ − २९४ = १०,८२१ आणि ११,११५ + २९४ = ११,४०९, म्हणजे प्रत्येकी तीनने गुणलेले तेच दोघे. वेगळ्या वाटेने तेच उत्तर आलं की मन निर्धास्त होतं.

पायरी ५ : दोघे खरंच मूळ आहेत का

६० चा वर्ग ३,६०० आणि ६१ चा ३,७२१. म्हणून ३,६०७ साठी ५९ पर्यंतच्या मूळ संख्या तपासल्या की पुरे, आणि ३,८०३ साठी ६१ पर्यंतच्या. हे भागाकार गाळू नका, सगळे मिळून पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. ३,६०७ च्या बाक्या तुमच्याशी ताडून पाहायला देतो. ७ ने २, ११ ने १०, १३ ने ६, १७ ने ३, १९ ने १६, २३ ने १९, २९ ने ११, ३१ नेही ११, ३७ ने १८, ४१ ने ४०, ४३ ने ३८, ४७ ने ३५, ५३ ने ३, ५९ ने ८. कुठेही शून्य नाही. ३,८०३ ची यादी तुम्हीच करा. १९ जवळ जरा सावध राहा, कारण १९ × २०० = ३,८०० आणि बाकी फक्त ३ उरते. घाईत तिथे चूक होते.

गुणाकार पडताळायला नऊची आणि अकराची अशा दोन्ही कसोट्या लावाव्यात. नऊची एकटी पुरत नाही, कारण दोन अंकांची अदलाबदल तिला दिसत नाही. अकराने ३,६०७ ची बाकी १०, ३,८०३ ची ८. गुणाकार ८०, त्याची बाकी ३. १,३७,१७,४२१ ची आळीपाळीची बेरीज उजवीकडून १−२+४−७+१−७+३−१ = −८, म्हणजे बाकी ३. जुळलं.

उलटी संख्या आणि उलटा स्वभाव

फर्माची रीत इतकी गोड चालली म्हणून ती सगळीकडे चालेल असं नाही, आणि ते दाखवायला आपल्याच संख्येचं उलटं रूप पुरेसं आहे: ९८,७६,५४,३२१.

तिलाही ९ ने भाग जातो आणि १०,९७,३९,३६९ उरतात. वर्गमूळ १०,४७५ च्या थोडं वर. फर्माच्या रीतीने १०,४७६ पासून निघालात तर पहिलं यश १,९०,००५ ला मिळतं, म्हणजे १,७९,५३० ओळींनंतर. आणि साधा भागाकार? २, ३, ५, ७, ११, १३, १७. सातव्या मूळ संख्येलाच भाग जातो, तोही दोनदा:

९८,७६,५४,३२१ = ३² × १७² × ३,७९,७२१

एका संख्येचे मोठे अवयव जवळजवळ होते म्हणून ती वर्गांच्या रीतीला वश झाली. दुसरीचे अवयव लांब लांब आहेत, म्हणून भागाकाराला झाली. बाहेरून बघून यातलं काही कळत नाही. म्हणून माझी रीत अशी आहे: आधी शंभराच्या आतल्या मूळ संख्या, मग फर्माच्या वीसेक ओळी, आणि तरी काही हाती आलं नाही तरच लांबचा भागाकार.

या दोघींचा मसावि काढायचा असेल तर युक्लिडची रीत एका पायरीत संपते, कारण

९८,७६,५४,३२१ = ८ × १२,३४,५६,७८९ + ९

बाकी ९, आणि ९ ने आपल्या संख्येला भाग जातो. मसावि ९.

पायरी ६ : विभाजक मोजणं आणि मिळवणं

अवयव हाती आले की बाकीचं बरंचसं आपोआप मिळतं. ३ चा घात ० ते २, म्हणजे तीन पर्याय. बाकी दोघांचे दोन-दोन. एकूण विभाजक ३ × २ × २ = १२:

१, ३, ९, ३,६०७, ३,८०३, १०,८२१, ११,४०९, ३२,४६३, ३४,२२७, १,३७,१७,४२१, ४,११,५२,२६३, १२,३४,५६,७८९

यात ९ नंतर थेट ३,६०७ येतं. मधली एवढी मोठी मोकळी जागा या संख्येचं खरं रूप दाखवते.

सगळ्या विभाजकांची बेरीज (१+३+९) × (१+३,६०७) × (१+३,८०३), म्हणजे १३ × ३,६०८ × ३,८०४ = १७,८४,२२,८१६. त्यातून संख्या स्वतः वजा केली की ५,४९,६६,०२७ उरतात. हे आपल्या संख्येच्या निम्म्याहूनही कमी. विभाजकांची बेरीज संख्येइतकीच भरली असती तर ती परिपूर्ण संख्या ठरली असती. आपली त्यापासून खूप दूर, न्यून गटातली.

ऑयलरची मोजणी राहिली. आपल्या संख्येपर्यंतच्या किती संख्यांचा तिच्याशी १ शिवाय कोणताही सामाईक विभाजक नाही? ६ × ३,६०६ × ३,८०२ = ८,२२,६०,०७२. हे जवळपास दोन-तृतीयांश आहे, आणि तसंच असायला हवं. फक्त तीनच्या पटी वगळल्या तर बरोबर दोन-तृतीयांश उरतात, आणि ३,६०७ व ३,८०३ च्या पटी इतक्या विरळ की त्यांच्यामुळे फारसा फरक पडत नाही.

पायरी ७ : वर्गांची बेरीज

आपली संख्या दोन वर्गांच्या बेरजेत लिहिता येईल का? चारने भागल्यावर बाकी १ उरते, त्यामुळे आशा वाटते. पण नियम अवयवांकडे बघतो. चारने भागल्यास ३ बाकी उरणाऱ्या प्रत्येक मूळ अवयवाचा घात सम हवा. ३,६०७ आणि ३,८०३ दोघांनाही ४ ने भागल्यास बाकी ३ उरते, आणि दोघांचा घात १ आहे. एक अवयव तसा असता तरी वाट बंद झाली असती. त्यामुळे दोन वर्गांत ती बसत नाही.

तीन वर्गांत? लजाँद्रच्या प्रमेयानुसार फक्त ४ च्या घाताने गुणलेल्या "८ ने भागल्यास बाकी ७" अशाच संख्यांना मनाई आहे. आपली बाकी ५, म्हणजे तीन वर्ग असलेच पाहिजेत. प्रमेय ते शोधून देत नाही, पण आपल्याकडे २,४६८ जपून ठेवलेले आहेत. २,४६८ = ४ × ६१७. ६१७ ही मूळ संख्या आणि चारने भागल्यास बाकी १, म्हणून ती दोन वर्गांची बेरीज असणार. ६१७ मधून एकेक वर्ग वजा करत गेलात की १६² + १९² = २५६ + ३६१ सापडतं. चारने गुणलं की ३२² + ३८². म्हणून

१२,३४,५६,७८९ = ११,१११² + ३८² + ३२²

या संख्येबद्दल एकच समीकरण लक्षात ठेवायचं असेल तर मी हे ठेवीन.

पायरी ८ : एक भागिले आपली संख्या

आधी एक शेजारी बघू. १२,३४,५६,७८९ मध्ये १ मिळवला की १२,३४,५६,७९०, म्हणजे १,२३,४५,६७९ ची दहापट. ही १२३४५६७९ (आठ नसलेली) पुष्कळांनी पाहिलेली असते, कारण तिला ९ ने गुणलं की नऊ एकक येतात: १११११११११. म्हणून ८१ ने गुणलं की नऊ नऊ. दहापटीला ८१ ने गुणलं की ९,९९,९९,९९,९९०. आपली संख्या एकाने कमी, म्हणून त्यातून ८१ वजा करा:

८१ × १२,३४,५६,७८९ = ९,९९,९९,९९,९०९ = १०¹⁰ − ९१

मघाचे ९१ परत आले. आता एक भागिले आपली संख्या म्हणजे ८१ भागिले (१०¹⁰ − ९१). छेद दहाच्या दहाव्या घातापेक्षा ९१ ने कमी असल्यामुळे भागाकार गुणोत्तर श्रेढीसारखा उलगडतो. दशांश चिन्हानंतर दहा-दहा अंकांचे गट पाडा आणि पहिल्या गटात ८१ लिहा. पुढचा प्रत्येक गट मागच्याच्या ९१ पट:

०.००००००००८१ ००००००७३७१ ००००६७०७६१ ००६१०३९२५१ …

८१ × ९१ = ७,३७१. त्याच्या ९१ पट ६,७०,७६१. त्याच्या ९१ पट ६,१०,३९,२५१. लांब भागाकार न करता चाळीस दशांश स्थळं हातात आली. पाचव्या गटापासून हातचे यायला लागतात, कारण त्याच्या पुढचा आकडा दहा अंकांत मावत नाही. हा दशांश आवर्ती आहे आणि आवर्तन पहिल्याच अंकापासून सुरू होतं, कारण अवयवांत २ किंवा ५ नाही. आवर्तनाची लांबी ३,६०६ आणि ३,८०२ यांच्या लसाविची, म्हणजे ६८,५५,००६ ची, विभाजक असते.

पटी आणि कापरेकर

दुप्पट करा: २४,६९,१३,५७८. चौपट: ४९,३८,२७,१५६. पाचपट: ६१,७२,८३,९४५. सातपट: ८६,४१,९७,५२३. आठपट: ९८,७६,५४,३१२. प्रत्येकात १ ते ९ हे सगळे अंक एकेकदा. तिप्पट मात्र ३७,०३,७०,३६७, तिथे हे मोडतं, आणि सहापट-नऊपटीतही. कारण पुन्हा ८१ मध्येच आहे: आपली संख्या म्हणजे जवळपास १०¹⁰ भागिले ८१. गुणक आणि ८१ यांच्यात तीन सामाईक निघाला की ३/८१ = १/२७ होतो, आणि १/२७ = ०.०३७०३७… तीन-तीन अंकांनीच फिरतो.

आता अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, म्हणजे कापरेकरांची प्रसिद्ध क्रिया:

९८,७६,५४,३२१ − १२,३४,५६,७८९ = ८६,४१,९७,५३२

उत्तरातले अंक तपासा: पुन्हा तेच नऊ. म्हणून पुढच्या फेरीत वजाबाकी हीच आणि उत्तरही हेच. चार अंकांसाठी जसा ६१७४ हा कापरेकर स्थिरांक, तसा नऊ अंकांतला हा एक, आणि आपली संख्या पहिल्याच फेरीत त्याच्यावर जाऊन थांबते.

कापरेकरांच्या आणखी दोन कल्पना लावून बघू. स्वतःच्या अंकबेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी हर्षद म्हटलं. आपली अंकबेरीज ४५, पण पाचने भाग जात नाही, म्हणून ही हर्षद नाही. आणि ज्या संख्येला जनक नाही, म्हणजे कुठल्याही संख्येत तिची अंकबेरीज मिळवून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. आपलीला जनक आहे का? जनकाची अंकबेरीज इथे ९ च्या पटीतच असावी लागते. म्हणून ९, १८, २७ असं ८१ पर्यंत एकेक वजा करून बघायचं, नऊच प्रयत्न. १२,३४,५६,७५३ ची अंकबेरीज ३६, आणि ३६ मिळवले की १२,३४,५६,७८९. बाकी आठही प्रयत्नांत अंकबेरीज ३६ च येते, म्हणून ते जुळत नाहीत. जनक एकच.

द्विमान रूप

द्विमान रूप म्हणजे फक्त ० आणि १ वापरून लिहिलेली संख्या. त्यासाठी दोनने सत्तावीस वेळा भागत बसू नका. आठने भागा आणि बाक्या लिहा: ५, २, ४, ६, ४, ७, ६, २, आणि शेवटी उरले ७. उलट वाचलं की आठच्या पायात ७२६७४६४२५. प्रत्येक अंकाच्या जागी त्याचं तीन-अंकी द्विमान रूप ठेवा:

१११ ०१० ११० १११ १०० ११० १०० ०१० १०१

सत्तावीस अंक, त्यांत सोळा एक आणि अकरा शून्यं.

सरावासाठी

हीच रीत २,०२,७६,५१,२८१ वर चालवा. फर्माने स्वतः फोडून दाखवलेली संख्या आहे ती. म = ४५,०३० पासून सुरुवात करा, पहिली बाकी ४९,६१९ येईल. शेवट १९, दशकाचा अंक विषम, म्हणून बाद. पुढे ९०,०६१, मग ९०,०६३, मग ९०,०६५ असे मिळवत जा. बाराव्या ओळीत १०,४०,४०० आले की तो १,०२० चा वर्ग आहे हे लगेच ओळखू येईल.